साठ हजार डॉलर आणि बाबांचा ए-टू फॉर्म

घटस्फोटाचा अर्ज, थांबायचे सक्तीचे सहा महिने, कोर्टाच्या एफएल-१४२ फॉर्मवर सोफ्यापासून कर्जापर्यंत सगळ्याची यादी, हे कसंबसं उरकलं. मी अडकले बाबांच्या ६०,००० डॉलरपाशी.

२०१४ साली फ्रीमॉन्टचं घर घेताना डाउन पेमेंटला बाबांनी नाशिकहून पैसे पाठवले. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची, पण एकालाच मिळालेली भेट त्याची एकट्याची. ती घरात घातली असेल तर फॅमिली कोडच्या कलम २६४० खाली वाटणीआधी परत मागता येते. घराची किंमत कितीही चढो, मिळतं मुद्दल, व्याज नाही. फक्त पैसा कुठून आला ते कागदावर दाखवायचं. मी शहाणीने तो जॉइंट अकाउंटवर मागवला होता! वर कर्जासाठीच्या गिफ्ट लेटरमध्ये बाबांनी कौतुकाने लिहिलेलं, ‘मुलगी व जावई यांस’. नवऱ्याच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आता आधार एकच, पैसे पाठवताना बाबांनी भरलेला ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा बँकेतला अर्ज. बँकेत पहिल्या दिवशी सर्व्हर डाउन. मग, "काका, इतकं जुनं रेकॉर्ड गोडाउनला असतं." मग गोडाउनची किल्ली असलेले साहेब रजेवर. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे दहा. बाबा बाकड्यावर, मी फोनवर, दोघं मिळून टोकन नंबर ऐकतोय. सकाळी सहाला उठून ऑफिस गाठायचं असताना मी त्या शाखेला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाचव्या खेपेला बाबा डबा घेऊनच गेले. "आज कागद घेतल्याशिवाय उठत नाही." चार वाजता झेरॉक्स मिळाली. बाबांचं तिरकं अक्षर, कारण ‘भेट’, लाभार्थी फक्त मी.

इथल्या बँकेने सात वर्षांमागचं स्टेटमेंट दिलंच नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये पीडीएफ सापडली म्हणून वाचले. तुमची आजच उतरवून ठेवा.

हो, एक राहिलं. वेगळं झाल्यानंतर घराचे हप्ते मी माझ्या पगारातून भरले, त्याचं ‘एपस्टीन क्रेडिट’ मागितलं. उत्तरादाखल ‘वॉट्स’ नावाची उलट मागणी आली: घरात एकटी राहिलीस, त्याचं भाडं धर. वजाबाकीत फार काही उरलं नाही, वकिलाचे तास मात्र वाढले.

शेवटी समझोत्यात ६०,००० आधी माझे, उरलेलं निम्मं-निम्मं. बाबांना फोन केला.

"बिनव्याजी?" ते म्हणाले. "एफडीत ठेवले असते गं."