तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ आणि माझं का जमत नाही

नाताळ जवळ आला की कुणीतरी विचारतंच, "रोमँटिक कॉमेडी एवढ्या आवडीनं बघतेस, मग ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’चं नाव काढलं की तोंड का फिरवतेस?" एकदाचं सगळं सांगून टाकते.

मला गोड शेवटाचं वावडं नाही. ‘द हॉलिडे’ (2006) मी कितीही वेळा बघेन. केट विन्स्लेटचा ज्याच्यावर जीव असतो तो दुसरीशी लग्न ठरवतो आणि तरी हिला झुलवत ठेवतो. दिग्दर्शिका नॅन्सी मायर्स तिला एका म्हाताऱ्या पटकथालेखकाची सोबत देते, जुने सिनेमे बघायला लावते आणि झुलवणाऱ्या त्या माणसाला ती घराबाहेर काढेपर्यंत तिला एकटं सोडत नाही. तेव्हा "डोकं बाजूला ठेवून बघ ना" हे मला सांगू नका.

नाताळच्या दिवसांतल्या अनेक प्रेमकथा एकत्र गुंफणारा रिचर्ड कर्टिसचा ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ (2003) मलाही एके काळी फार आवडायचा. मित्राच्या बायकोच्या दारात मनातलं लिहिलेल्या पाट्या घेऊन उभा राहणारा तो मुलगा! तो काहीच मागत नाही, हेच खरं प्रेम, असं मी तावातावानं सांगायचे. आज म्हणते, नवरा आत टीव्ही बघत बसलाय आणि हा तिला सांगतोय, कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणारे आलेत म्हणून सांग. म्हणजे खोटं तिनं बोलायचं. पण तेव्हाची मी हे ऐकून घेत नाही. ती म्हणते, त्याला मन मोकळं करून निघून तर जायचं होतं. तिचं तोंड मला बंद करता येत नाही.

पण माझं मन फिरलं ते वेगळ्याच प्रसंगामुळे. त्या वर्षी ताई नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली होती. का, ते आमच्यापैकी कुणीच बोलत नव्हतं. काहीतरी हलकंफुलकं म्हणून हाच सिनेमा लावला. एमा थॉम्सनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सोन्याचा हार सापडलेला असतो. तिला वाटतं, आपल्यासाठी. नाताळची भेट उघडते तर आत गायिका जोनी मिचेलची सीडी. हार दुसरीसाठी होता. ती बेडरूममध्ये जाते, गाणं लागतं, रडते, डोळे पुसते, पलंगपोस सारखा करते आणि हसऱ्या चेहऱ्यानं मुलांसमोर येते. ताई काही बोलली नाही. शेवटी विमानतळावर नवरा परत येतो, विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. झालं, गोष्ट पुढच्या जोडीकडे.

ताईनं रिमोट घेतला आणि तेवढा भाग पुन्हा लावला. मग पुन्हा.

"ही राहिली का गं त्याच्याकडे?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमात ते नाहीच.

"अमेरिकेत पोरी पटवायला गेलेल्या त्या पोरासाठी यांच्याकडे वेळ आहे. आणि हिच्यासाठी नाही?"

त्यानंतर मी तो सिनेमा पूर्वीसारखा बघू शकले नाही. दहाएक गोष्टी एकत्र गुंफल्यात, सगळ्यांना कुठून वेळ देणार, हे मी ऐकलंय. मग बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (1960) बघा. तोही विनोदी, तोही नाताळचा. लग्न झालेला साहेब शर्ली मॅक्लेनच्या हातात भेट म्हणून शंभर डॉलरची नोट ठेवतो आणि घरी जातो, ती झोपेच्या गोळ्या घेते. आता हसवायचं कसं? पण वाइल्डर तिथून पळत नाही. त्याच साहेबाच्या हाताखालचा कारकून, जॅक लेमन, तिच्या उशाशी बसून पत्ते खेळत राहतो, आणि आपण हसतोही. विनोदाला दुःखाजवळ थांबता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

गंमत म्हणजे ताईला माझं पटत नाही. ती दर नाताळला ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ बघते. "सिनेमानं उत्तर दिलं असतं तर ते त्या बाईचं झालं असतं," ती म्हणते. "त्या रात्री मला कुणाचंही उत्तर नको होतं. पलंगपोस नीट करणारी बाई दिसली, तेवढं पुरे होतं." यावर आम्ही अजून भांडतो. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण त्या बाईला आणखी पाच मिनिटं दिली असती तर कर्टिसचं काय बिघडलं असतं, हेही मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर तुम्ही सांगा.