तात्पर्य का सांगत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. वाचनाचा तास संपून मुलं चपला शोधायला लागली की कुणाची तरी आई नाहीतर आजोबा थांबतात. "गोष्ट छानच झाली हो, पण शेवटी तात्पर्य का सांगत नाही? पोरं घरी काय घेऊन जाणार?" मी उभ्या उभ्या काहीबाही बोलते आणि घरी येऊन चिडचिड करते, कारण याचं उत्तर दाराशी देण्यासारखं नाही.

सवय जुनी आहे, कबूल. मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांतच इसापनीती आहे, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची, 1828 सालची. पण आजीच्या गोष्टींचं काय? भोपळ्यात बसून 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' करत निघालेली म्हातारी वाघाला चक्क थाप मारते, लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड होते आणि सहीसलामत घरी येते. काय तात्पर्य काढायचं यातून, खोटं बोलावं? बरं, व्रताच्या कहाण्यांत 'उतू नये, मातू नये' असतं, तेही मान्य. म्हणजे आजीचा दाखला देऊनही माझं म्हणणं पुरतं सिद्ध होत नाहीच.

मी अशी का झाले, ते एकदाचं सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमच्याकडे येणाऱ्या नदीकाठच्या कितीतरी मुलांची घरं पाण्यात होती आणि कुटुंबं शाळेत मुक्कामाला. पाणी ओसरलं, भिंतींची ओल अजून गेली नव्हती, तेव्हा आम्ही पुन्हा वाचायला बसलो. मुलांनीच चिऊ-काऊचं पुस्तक काढलं. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं.

'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.' त्या पानावर शब्द सगळे चिमणीचे आहेत. चित्रात मात्र दाराबाहेर, पार खालच्या कोपऱ्यात, कावळा बसलाय. पंख अंगाला चिकटलेले, चोचीवरून पाणी ठिबकतंय. एरवी इथे पोरं 'मग?' म्हणून ओरडतात. त्या दिवशी एक मुलगा सरकत पुढे आला, कावळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, ह्यो शाळंत का गेला नाही?"

कुणीही हसलं नाही. "शाळा लांब असंल," एक मुलगी म्हणाली. "ह्येची आई कुठाय?" "आमास्नी चादरी दिल्या, ह्येला दिल्या नसतील." तोवर त्या मुलांशी 'आता सगळं ठीक आहे ना' यापलीकडे कुणी बोललं नव्हतं. आता ती आपणहून बोलत होती, त्या कावळ्याबद्दल.

मागे एक पाहुणे बसले होते. मदतीचं सामान घेऊन आलेले, मनाने अतिशय चांगले. ते पुढे झुकून म्हणाले, "मग काय शिकलो आपण मुलांनो? आळस करायचा नाही. घर कसं, पक्कं बांधायचं!" मुलाने बोट काढून घेतलं. त्याचे वडील दाराशी उभे होते, मातीच्या भिंतींचं घर गमावलेले. ते खाली बघत राहिले. उरलेलं पुस्तक मी वाचून संपवलं, एकदाही 'मग?' आला नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षर कळत नाही, पण शब्दांनी न सांगितलेला तो कोपऱ्यातला कावळा त्याला आपल्या आधी दिसतो. आपण धडा सांगितला की त्याला वाटतं, बघायचं ते हेच होतं आणि आपण भलतंच काहीतरी बघत बसलो. हे मला सोसत नाही. म्हणून मी सांगत नाही.

तेव्हा मी ठणकावून म्हणायचे, तात्पर्य सांगणं म्हणजे मुलांचा अपमान. आज तेवढं ठासून म्हणवत नाही. त्या मुलाचे वडील पुढे भेटले तेव्हा मी पाहुण्यांचा विषय काढला, तर म्हणाले, "बरोबरच बोलले की ते, ताई. घर पक्कंच पाहिजे." मी गप्प. दिवसभर राबून पोराला वाचायला आणणाऱ्या माणसाला वाटणारच, की त्याने काहीतरी शिकून घरी यावं. मी कोण त्याला नाही म्हणणारी?

तरी तात्पर्य मी सांगणार नाही. घरी तुम्हाला विचारायचंच असेल तर 'काय शिकलास?' ऐवजी 'कुठलं पान परत काढू?' असं विचारा. मूल एखाद्या पानावर अडलं तर पान उलटायची घाई करू नका. ते काहीच बोललं नाही तर नाही. तुम्ही पुन्हा दाराशी थांबून हेच विचाराल, ठाऊक आहे मला. विचारा. त्या वडिलांना काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.