दारणा जलाशय: मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी पाण्यात खायला काय आहे ते बघा

नाशिकहून मुंबई महामार्गाने घोटीच्या बाजूला निघालं की दारणा धरण साधारण तासाभराच्या अंतरावर. मॅपवर नुसतं ‘नांदगाव’ टाकू नका, गाडी मनमाडकडे निघेल. आपल्याला जायचंय नांदगाव बुद्रुकला, तालुका इगतपुरी. धरण १९१६ सालचं, भिंतीवर फिरायला आणि फोटो काढायला मनाई. मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे असेल तिला आधी विचारा. होडीही तिथूनच मिळते. लाइफ जॅकेट मात्र आपलं न्या.

पाहणी ऑक्टोबर अखेरीस केली. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यात अर्थ नाही. घोटी-इगतपुरीच्या पावसात पाणी चहासारखं असतं आणि सेक्ची चकती (पाणी किती नितळ आहे ते बघायला दोरीने खाली सोडायची तबकडी) वीतभर खाली जाताच दिसेनाशी होते, पण ते गाळामुळे, माशांच्या अन्नामुळे नाही. शंका असेल तर काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. गाळ तळाला बसतो. हिरवट झाक तशीच राहिली तर ती वनस्पतीप्लवंगांची. (प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांचं अन्न: वनस्पतींसारखे ते वनस्पतीप्लवंग, बारीक प्राणी ते प्राणीप्लवंग.)

सामान थोडं लागतं: सुमारे ६० मायक्रॉनची प्लवंग जाळी, १० लिटरची बादली, खुणा असलेली टेस्ट ट्यूब, मीठ, नमुना टिकवायला फॉर्मलिन. सूर्य वर येण्याआधी पाण्यावर असा, कारण ऊन चढलं की प्राणीप्लवंग खाली उतरतात आणि वरची जाळी उगाच रिकामी येते. पाच बादल्या जाळीतून ओता. जाळी बाहेरून धुऊन सगळं ट्यूबमध्ये उतरवा, चिमूटभर मीठ टाका, अर्धा तास उभी ठेवा. तळ्यांसाठीचा ठोकताळा असा की ५० लिटरमागे १ ते २ मिली साका (तळाला बसलेला थर) बसला तर अन्न चांगलं. जलाशयात एवढी अपेक्षा धरू नका, पण ट्यूबच्या टोकाला नुसती रेघ दिसत असेल तर बीज कमी सोडा. साका तपकिरी असेल तर प्राणीप्लवंग जास्त, म्हणजे कटल्याला बरं. हिरवा असेल तर वनस्पतीप्लवंग, ते रोहूच्या कामाचे.

फरक दिसला तो काठ आणि मध्य यांत. खोल पाण्यात जाळी जवळपास रिकामी. गाळपेऱ्याच्या (पाणी उतरल्यावर पिकं घेतात त्या) बुडालेल्या जमिनीवर मात्र ट्यूब उजेडाकडे धरली की डॅफ्निया (पाणपिसवा, एक प्राणीप्लवंग) टुणटुण उड्या मारताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. उन्हाळी आवर्तनांनी पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत आणि पिकं येतात, पावसाळ्यात ते सगळं बुडून कुजतं आणि त्यावर प्लवंग पोसतात. म्हणून बीज भिंतीजवळच्या खोल डोहात न टाकता अशा उथळ फाट्यांत सोडावं. गाळपेऱ्यात कोणी फवारणी केली होती का, हे शेतकऱ्यांना विचारून घ्या. डॅफ्निया कीटकनाशकाने सगळ्यांत आधी मरतात.

मृगळ तळाचं खातो, म्हणून त्याच्यासाठी तळ बघा. घमेलंभर चिखल बारीक चाळणीत धुवा. लालभडक अळ्या, छोट्या गोगलगायी निघाल्या तर ठीक. चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असेल तर तिथे प्राणवायूच नाही.

बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) १०० मिमीच्या वर असावी. लहान बीज मरळ फस्त करते. चिलापी खूप असेल तर तीही प्लवंगांत वाटेकरी, हे गणितात धरा. कमी पडणारं अन्न शेणखत किंवा पेंड टाकून भरायचा विचारही नको. इतक्या पाण्यात ते विरून जातं आणि हे पाणी लोक पितात. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात द्यायचा तो पिंजऱ्यात बीज वाढवताना, तेही खाऊन संपेल एवढंच. (ट्राउटबद्दल विचारणारे भेटतातच. तिला २० अंशांखालचं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. दारणेचा उन्हाळा तिला झेपणार नाही.)

नमुना ठेवायचा तर ४ टक्के फॉर्मलिनमध्ये. ठिकाण, वेळ आणि त्या दिवशीची पाणीपातळी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून बाटलीत टाका, पेनची शाई पसरते.