मावशीची गार्डन

दादरच्या एका साडीच्या दुकानात परवा दुपारी गादीवर बसता बसता मावशीने विचारले, "गार्डन आहे का?" तरुण विक्रेत्याने क्षणभरही न थांबता फुलाफुलांच्या चारपाच साड्या तिच्यापुढे टाकल्या. "गार्डनसारखीच आहे आजी, हात लावून बघा." मावशीने हात लावला. पदराचा कोपरा मुठीत घट्ट आवळून धरला, सोडला, चुरगळलेल्या जागेकडे निरखून पाहिले आणि मग किनारीवर कुठे कंपनीचे नाव छापलेले आहे का, ते शोधण्यासाठी चश्मा कपाळावर सरकवला. नाव नव्हते. साडीची घडी तिने स्वतःच घातली, विक्रेत्याला परत दिली आणि म्हणाली, "सारखी असेल, पण ती नाही."

१९८०च्या दशकात ज्या घरातून एखादी बाई रोज सकाळी डबा घेऊन नोकरीला बाहेर पडत होती, त्या घराला गार्डन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. सुरतेजवळच्या वरेली गावात गिरणी असलेली गार्डन सिल्क मिल्स ती हीच; नावात सिल्क असले तरी साडी कृत्रिम धाग्याची. मावशी डोंबिवलीहून फोर्टला कामाला जात असे. गार्डनच्या आधी ती खटाऊ गिरणीची वॉयल, म्हणजे तलम सुती साडी, नेसायची आणि वॉयल म्हणजे अख्खा रविवार: साडी धुवायची, खळ घालायची, अर्धवट ओली असताना दोघींनी दोन टोके धरून ताणायची, मग इस्त्रीवाल्याकडे टाकायची आणि एवढे सगळे करून सोमवारी लोकलमधून उतरेपर्यंत तिचा बोळा झालेला पाहायचा. गार्डन रात्री बादलीत खळबळून गॅलरीतल्या दोरीवर टाकली की सकाळी नेसायला तयार. ठाण्याला चढणारी गर्दीसुद्धा तिच्या निऱ्या मोडू शकत नसे.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जाई, तेव्हा दोरीवरची ती ओलसर, सुळसुळीत साडी अंगाभोवती गुंडाळून घरभर फिरणे हा माझा आवडता उद्योग होता. आजी स्वयंपाकघरातून ओरडत असे, "ती घेऊन स्टोव्हपाशी येऊ नकोस, अंगाला चिकटेल!" आजीचा त्या कापडावर मुळातच विश्वास नव्हता. वॉयलची साडी विरली की तिची गोधडी होते, दुपटी होतात, अगदी शेवटी फरशी पुसायचे फडके होते; गार्डन पाणीसुद्धा शोषून घेत नाही. जुने झाल्यावर जे घराच्या उपयोगी पडत नाही, त्याला तिच्या लेखी कापड म्हणायचेच नव्हते.

काकांचा राग निराळा होता. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. ते घरी बसले आणि मावशीच्या पगारावर घर चालू लागले. तो पगार आणायला ती ज्या साड्या नेसून जात होती, त्या मात्र सुरतेच्या होत्या. मुंबईचे साचे थंड पडलेले असताना सुरतेचे माग रात्रंदिवस धडधडत आहेत, ही गोष्ट त्यांना फार बोचत असे आणि सकाळी मावशी निऱ्या घालू लागली की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. मावशीने त्यावरून कधी वाद घातला नाही आणि साडीही बदलली नाही.

ही गार्डन पुढे २०२० च्या जूनमध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. एव्हाना कंपनीचा मोठा धंदा साडीचा राहिलेलाच नव्हता; पॉलिएस्टरचे चिप्स आणि धागा यांवर तिचा पसारा उभा होता आणि डोक्यावर बँकांचे कर्ज होते. २०२१ च्या आरंभी एमसीपीआय या कंपनीने ती घेतली. २०१६ च्या त्या कायद्यानुसार धनकोंची समिती बसते आणि कंपनी कोणाच्या हाती सोपवायची, याला तिची किमान ६६ टक्के मते लागतात. एकदा गार्डन धरल्यावर दुसऱ्या कंपनीची साडी अंगाला न लावलेल्या गिऱ्हाइकाला त्या समितीत खुर्ची नसते. ते बरोबरच आहे म्हणा. तिने कंपनीला उधार काहीच दिलेले नसते.

किंबहुना, हिशेब मांडायचाच झाला तर मावशीसारख्या गिऱ्हाइकांनी कंपनीचे नुकसानच अधिक केले असेल. एवढी निष्ठा, पण शेवटची गार्डन केव्हा घेतली ते तिला आठवत नाही, कारण आधीच्या फाटतच नाहीत. रंग उडत नाही, वीण विसविशीत होत नाही, आणि धडधाकट साडी बोहारणीला देऊन तिच्याकडून स्टीलचे पातेले घ्यावे, तर मन होत नाही. माल जितका जिवाभावाचा, तितकी तो पुन्हा विकत घेण्याची वेळ लांबणीवर पडते. माझे तर असे मत झाले आहे की निष्ठावंतांच्या भरवशावर कापडाचा धंदा करणे हे आतबट्ट्याचे काम आहे. गल्ला भरतो तो चटकन कंटाळणाऱ्या बायकांमुळे. दर दिवाळीला नवे मागणाऱ्या त्या बायका केव्हाच पंजाबी ड्रेसकडे आणि मग कुर्त्यांकडे निघून गेल्या. मीही त्यांच्यातलीच.

कंपनी बुडाल्याची बातमी मी तेव्हा मावशीला फोनवरून सांगितली होती. आता साड्या मिळतील का, किंमत वाढेल का, असे काहीतरी ती विचारील, अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, "म्हणजे तिथे कामाला होते त्यांचा पगार बंद झाला असेल ना गं?" संपाची वर्षे काढलेल्या घरातला हा प्रश्न होता. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

गेल्या दिवाळीत तिने मला कपाटापाशी बोलावून पुढची सगळी व्यवस्था सांगून टाकली. वरच्या कप्प्यातल्या गार्डन आम्ही भाच्यांनी वाटून घ्यायच्या; त्यांतली निळ्या फुलांची धाकटीला द्यायची, कारण तिने ती लहानपणीच मागून ठेवली आहे. खालच्या कप्प्यात एक कोरे सुती पातळ कागदात गुंडाळून ठेवलेले आहे, ते त्या दिवशी तिला नेसवायचे. "मला तेव्हा गार्डन नको हं," ती अगदी सहज म्हणाली, "ती धड जळत नाही, वितळते." मी बरे म्हटले. आम्हा भाच्यांपैकी एकही आता साडी नेसून कामाला जात नाही, पण वाटणीवरून कुरबूर मात्र आत्तापासूनच सुरू झाली आहे, कारण निळ्या फुलांची मलाही हवी होती.