मेथ सुटल्यानंतरचे रक्ताचे रिपोर्ट

लघवीच्या तपासणीची एव्हाना सवय झाली होती. ती पट्टी एकच सांगते, गेल्या काही दिवसांत मेथ (मेथॅम्फेटामिन हे नशेचं द्रव्य) घेतलं की नाही. रक्ताचं प्रकरण निराळं. इतकी वर्षं शरीराने गाडा कशाच्या जोरावर ओढला, हे त्यात कळतं, आणि ते वाचणं मला जास्त जड गेलं.

व्यसनमुक्तीसाठी भरती झालो तेव्हा डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं होतं सीपीके. स्नायूंच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात येतं. साधारण दोनशेच्या आत असतं, माझं हजारांत निघालं. सलग जागरणं, अंगात कडकी, पाण्याचा घोट नाही, हातापायांची अखंड चाळवाचाळव. मांडीला कुणी हात लावला तरी कळ जायची आणि लघवी कोऱ्या चहासारखी. स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं बिघडवू शकतं, म्हणून मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघत होते. सलाइन चालूच. सुदैवाने सगळं खाली आलं.

रक्त काढणं हाच एक सोहळा. नसा दडून बसलेल्या. सिस्टर मूठ आवळायला लावून कोपरापासून मनगटापर्यंत बोटाने चाचपत राहायच्या. साखरेसाठी करड्या टोपणाची ट्यूब वेगळी का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, काढलेल्या रक्तातल्या पेशीसुद्धा साखर खात राहतात, त्या ट्यूबमधलं फ्लोराइड त्यांना थांबवतं. हे मला भारी वाटलं.

साखर वाढलेली होती, तीही धड जेवलेलो नसताना. मला वाटलं, झाला मधुमेह. पण एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज, ठीक होता. डॉक्टरांनी समजावलं ते असं: मेथमुळे शरीराला चेतवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतं, यकृत साठवलेली साखर सोडतं, चरबी मोडून फॅटी अ‍ॅसिड रक्तात येतात. त्यात भूक मेलेली, म्हणून चरबी जळताना बनणारे कीटोनही. नशेतला तो जोम बाहेरून आलेला नव्हताच. माझीच साठवण जळत होती.

पुढे एका संशोधनासाठी एक जादा ट्यूब दिली. मास स्पेक्ट्रोमीटरवर थोड्याशा प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, शेकडो लहान रेणू मोजतात: अमिनो आम्लं, चरबीचे तुकडे, ऊर्जाचक्रातले पदार्थ. संमतीपत्रात स्पष्ट होतं की वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही. आधी थोडा हिरमुसलो. मग प्रश्नावली भरताना कारण लक्षात आलं. शेवटचं जेवण, झोप, सिगारेट, चालू गोळ्या, या प्रत्येकाने हेच आकडे हलतात. एकट्या माणसाच्या रक्तावरून ‘हे व्यसनामुळे’ असं बोट ठेवता येत नाही. बऱ्याच जणांचं रक्त शेजारी ठेवलं तर कल दिसतो.

आता भूक परत आलीय, गोडावर तर तुटून पडतो. वजन भराभर वाढलं आणि ताज्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर गेलेत. व्यसन सोडल्यावर रिपोर्ट बिघडतो, हे घरच्यांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. डॉक्टर मात्र घाबरलेले नाहीत. साखर कमी, रोज चालणं, आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटी पुन्हा लिपिड प्रोफाइल. मेथचा ताण हृदयावरही पडतो, त्यामुळे सोबत ईसीजी आणि इकोही (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय.