खिचडी उरते कशामुळे?

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची. शिकवण्याबरोबर शालेय पोषण आहाराचा हिशोबही माझ्याकडे आहे. तांदूळ किती आला, किती शिजला, चव रजिस्टरवर सही, अ‍ॅपवर लाभार्थी संख्या. कागदावर सगळं चोख असतं: पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. पोराच्या पोटात त्यातलं किती जातं, याचा रकाना मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.

पहिलीतली पोरं निम्मी खिचडी टाकायची. पालक म्हणायचे, रोज तेच तेच, कंटाळतात. मला ते फारसं पटत नव्हतं, कारण तीच पोरं शनिवारी सकाळच्या शाळेत ताट चाटूनपुसून खायची. मग लहान सुट्टीत जरा फाटकापाशी उभा राहू लागलो. कांदा काढणीच्या दिवसांत आईबाप उजाडताच रानात जातात, पोरं चहा-टोस्टवर शाळेत येतात. साडेअकराला पोटात कावळे ओरडायला लागले की समोरच्या टपरीवरून पाच रुपयांचा तिखट पुडा. एक वाजता पातेल्यावरचं झाकण निघेपर्यंत भूक मेलेली. यात खिचडीचा काय दोष?

टपरीवाल्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, त्याचंही पोट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला आणि लहान सुट्टीत मूठभर फुटाणे नि गुळाचा खडा सुरू केला. पैसे गावातूनच जमतात. पुडे पूर्ण बंद झालेत असं मी म्हणणार नाही, बाजाराच्या दिवशी अजून दिसतात. पण टाकून दिलेल्या खिचडीची बादली आता बरीच रिकामी असते.

दुसरा वाटा आमच्या स्वयंपाकीण मावशींचा. टोमॅटोचं साल, कढीपत्ता, शेवग्याचा पाला, पोरं सगळं वेचून ताटाच्या कडेला लावायची. मावशींनी लाल भोपळा डाळीतच शिजवून घोटायला सुरुवात केली. शेवग्याचा पाला परसबागेतला, तो बारीक चिरून लसणाच्या फोडणीत आधी कुरकुरीत होऊ देतात, मगच डाळ ओततात. मटकीला मोड बोटाच्या पेराएवढे येईपर्यंत फडकं सोडत नाहीत. पोरांनी स्वतः पाणी घातलेली मेथी असली की 'ही आमच्या वाफ्यातली' म्हणत ती खातातही. वाढताना आधी अर्धी पळी, मग हवं तितकं, हा नियमही मावशींचाच. आणि या बाईला मानधन महिन्याला २५०० रुपये. सरकारने पाककृतींचे तक्ते कितीही बदलावेत, चव शेवटी तिच्या हातात आहे, आणि त्या हाताची किंमत कुणी धरत नाही. असो.

अंड्याचं दुखणं वेगळं. २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं. अंड्याच्या दिवशी पोरं सहसा शाळा चुकवत नसत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. वाढत्या वयाच्या पोराचं अंडं देणगीवर टांगून ठेवणं मला मुळीच पटत नाही. पण पोरं जीआर वाचत नाहीत, ती 'गुरुजी, अंडी कधी?' एवढंच विचारतात.

मध्यंतरी एका आजोबांनी नातीच्या वाढदिवसाला केकऐवजी अख्ख्या शाळेला उकडलेली अंडी दिली. तेव्हापासून जनरल रजिस्टर काढून बसलोय, कुणाचा वाढदिवस कुठल्या आठवड्यात येतो ते लिहून काढतोय. बरं झालं, या पोरांच्या जन्मतारखा खऱ्या आहेत. आमच्या पिढीसारख्या सगळ्यांच्या १ जूनला असत्या, तर अंडी एकाच दिवशी आली असती, तीही शाळेला सुट्टी असताना.