सुधारित अर्थसंकल्पाच्या मंजुरीसाठी 19 दिवस: माझा अनुभव

डिसेंबरात गावाच्या पाणीपुरवठा विहिरीवरील मोटार जळाली. खात्यात पैसे असल्यामुळे ती दोन दिवसांत बदलून होईल, असे सरपंच म्हणून मी धरून चालले होते. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, नमुना 1 (ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पाचा तक्ता) पुढे ठेवला, तेव्हा पाणीपुरवठा दुरुस्तीची तरतूद सप्टेंबरातच संपल्याचे दिसले. मंजूर अर्थसंकल्पात तरतूद नसलेला खर्च करता येत नाही. मागासवर्गीयांच्या 15 टक्के आणि महिला व बालकल्याणाच्या 10 टक्के निधीला हात लावता येत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला पाण्यासाठीचा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरता येणारा, हिस्साही गावाच्या विकास आराखड्यातील कामांना लागलेला होता. शिल्लक होती ती गटार दुरुस्तीच्या शीर्षात (अर्थसंकल्पातील खर्चाच्या सदरात), आणि ती वळवायची तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 62 अ प्रमाणे सुधारित अर्थसंकल्प करणे भाग होते.

मासिक सभेत ठराव एकमताने झाला आणि प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला. आठवडाभराने तो ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला. त्रुटी कोणती, हे कोणी सांगेना. आम्ही अंदाजाने नवीन दरपत्रके जोडली. तोच शेरा पुन्हा आला. गावात बायका पहाटेपासून एकाच हातपंपावर रांग लावत होत्या, त्यामुळे तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेले आणि उत्तर मिळेपर्यंत टेबलासमोरून उठले नाही. शेवटी ठरावातील एका ओळीवर बोट ठेवले गेले: ‘आवश्यक ती रक्कम वर्ग करण्यात यावी.’ कोणत्या शीर्षातून किती कमी आणि कोणत्या शीर्षात किती वाढ, हे आकडे ठरावातच हवे होते. आक्षेप योग्यच होता. पण तो पहिल्याच दिवशी एका वाक्यात लिहिता आला असता, याचा राग अजून गेलेला नाही.

सह्या झालेल्या इतिवृत्तात नंतर आकडे भरता येत नाहीत, आणि कोणी सुचवले तरी भरू नयेत. आम्ही नोटीस काढून पुन्हा सभा घेतली, पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याचा, नमुना 2 ठरावाशी ताळा करून जोडला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मंजुरी आली.

प्रस्ताव देताना आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी आणि त्रुटी मुद्देनिहाय लेखी मागावी. हे सारे 31 मार्चच्या आत उरकावे लागते, म्हणून शीर्षनिहाय शिल्लक दर मासिक सभेत वाचून घ्यावी. आम्ही सप्टेंबरात ती वाचली असती, तर डिसेंबरात ही धावपळ झाली नसती.